गप्प डेव्हलपर आणि वाऱ्यावर सोडलेला गेम

आवडत्या गेमचं शेवटचं अपडेट येऊन चार महिने होतात, डेव्हलपरकडून एक ओळसुद्धा येत नाही, आणि मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, "गेम मेला का रे?" शेकडो तास ज्यात घातले त्या गेमबद्दल हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. पण या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. डेव्हलपर बोलत नाही ही एक, आणि त्याने गेमवरचं काम थांबवलं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी ओळखता येत नाही.

'नो मॅन्स स्काय' घ्या. हॅलो गेम्स या इंग्लंडमधल्या छोट्याशा स्टुडिओने ऑगस्ट 2016 मध्ये हा गेम आणला. जे सांगितलं होतं त्यातलं बरंच काही गेममध्ये नव्हतं. एकमेकांना भेटून खेळता येईल ही अपेक्षा तर पहिल्याच दिवशी फोल ठरली. लोकांचा राग रास्त होता. सुरुवातीच्या आठवड्यांत बग, म्हणजे गेममधल्या चुका, काढणारे छोटे पॅच (दुरुस्त्या) येत राहिले, पण एरवी बोलघेवडे असणारे स्टुडिओचे प्रमुख शॉन मरी एकदम गप्प झाले. पैसे घेऊन पळाले, असंच बहुतेकांना वाटलं. मग नोव्हेंबरअखेरीस तळ बांधण्याची सोय देणारं 'फाउंडेशन' अपडेट आलं, आणि जुलै 2018 च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये खरं मल्टिप्लेअर, म्हणजे एकमेकांसोबत खेळणं, मिळालं. त्यानंतरही वर्षानुवर्षं मोठी अपडेट येत राहिली, सगळी फुकट. ज्या गेमवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खेळाडूंच्या शिव्यांचा पाऊस पडला होता, त्याचं तिथलं एकूण मत 2024 मध्ये 'अतिशय सकारात्मक' झालं.

'ॲन्थम'चं नेमकं उलट झालं. बायोवेअर स्टुडिओचा हा गेम त्याची मालक कंपनी ईएने फेब्रुवारी 2019 मध्ये आणला आणि त्याच्यासोबत पुढच्या महिन्यांचा रोडमॅपही दिला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढे ढकलल्या गेल्या. फेब्रुवारी 2020 मध्ये गेमचा गाभाच नव्याने रचणार असं जाहीर झालं. मग वर्षभर लेख येत राहिले, नव्या कल्पनांची चित्रं दाखवली गेली. संवादात कसूर नव्हती. खेळाडूंच्या हातात मात्र नवं फारसं काही पडलं नाही, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ते कामच रद्द झालं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्या टीमने मनापासून मेहनत केली असेल यावर माझा विश्वास आहे, पण कंपनीने माणसं काढून घेतली की टीमच्या शब्दाला किंमत उरत नाही.

म्हणून मी ट्वीट मोजत नाही, पॅच वाचतो. पॅचमध्ये फक्त दुकानातले नवे कपडे आणि जुन्याच सणांचे इव्हेंट पुन्हा येत असतील, तर मला काळजी वाटते. महिनोन्‌महिने सगळ्यांना छळणारा एखादा बग शांतपणे दुरुस्त झाला असेल, तर गेमवर अजून कुणीतरी बसलंय हे कळतं.

दोन्हींच्या मधलीही एक अवस्था असते. 2007 च्या 'टीम फोर्ट्रेस 2'ला ऑक्टोबर 2017 नंतर तसं मोठं अपडेट मिळालं नाही. गेम बनवणारी कंपनी व्हॉल्व्ह बोलायची नाही, आणि सामन्यांमध्ये बॉट्सनी, म्हणजे माणसाऐवजी खेळणाऱ्या प्रोग्रॅम्सनी, धुमाकूळ घातला होता. मे 2022 मध्ये खेळाडूंनी मोहीम काढली तेव्हा कंपनीकडून छोटंसं उत्तर आलं. बॉट्सवर जाणवण्याइतकी कारवाई व्हायला मात्र 2024 उजाडलं. या सगळ्या काळात खेळाडूंनीच बनवलेले नकाशे आणि पात्रांना घालायच्या टोप्या गेममध्ये येत राहिल्या. याला मी सोडून दिलेला गेम म्हणणार नाही, पण नीट सांभाळलेलाही म्हणवत नाही.

सपोर्ट थांबणं आणि सर्व्हर बंद होणं यांचीही अशीच गल्लत होते. काम थांबल्यावरही 'ॲन्थम' जवळजवळ पाच वर्षं खेळता येत होता. 12 जानेवारी 2026 ला सर्व्हर बंद झाले, आणि गेम पूर्णपणे ऑनलाइन असल्यामुळे विकत घेतलेली डिस्क हातात असूनही तो सुरू होत नाही. 'नो मॅन्स स्काय' एकट्याने ऑफलाइन खेळता येतो. 'टीम फोर्ट्रेस 2'चे सर्व्हर खेळाडू स्वतः चालवू शकतात, आणि 2025 मध्ये व्हॉल्व्हने त्याचा कोडही त्यांच्यासाठी खुला केला. 'ॲन्थम'वर जीव लावलेल्यांना यातलं काहीच मिळालं नाही.