उपासना-गायन (नागपूर)

ख्रिस्ती उपासनेत गीत उचलून देणे, जमलेल्या मंडळीला सोबत घेऊन ते पुढे नेणे आणि योग्य जागी थांबवणे, या कामाला उपासना-गायन म्हणतात. जुन्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) हे काम गायनमंडळाचा प्रमुख करतो, नव्या आराधना-मंडळ्यांत ‘वर्शिप लीडर’. नागपुरात एकाच उपासनेत मराठी आणि हिंदी गीते लागोपाठ येत असल्याने गायकाला दोन्ही भाषांचा साठा लागतो.

उगम : मराठी ख्रिस्ती गायनाचा धागा कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणापर्यंत (१६१६) नेतात. ती रचना गोव्यातली आणि कॅथलिक परंपरेतली. तिचा नागपूरच्या मंडळ्यांशी सलग संबंध दाखवणे कठीण आहे. दुसरे मत स्कॉटिश मिशनकडे बोट दाखवते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांच्या फ्री चर्च या स्कॉटिश संप्रदायात त्या काळी वाद्यांशिवाय, छंदोबद्ध स्तोत्रे गाण्याची रीत होती. येथील आरंभीची उपासनाही बहुधा त्याच वळणाची असावी. मात्र पेटी-तबल्यावरचे भजन त्यातून निघाले असे म्हणता येत नाही. त्यासाठी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनकडेच पाहावे लागते. तेथे साधारणतः १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे आदींनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले आणि पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगाचा साचा उपासनेत पक्का केला. टिळकांचा नागपूरशी संबंध ख्रिस्ती होण्याआधीचा : १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला.

कॅथलिक उपासनेत देशी भाषा आणि देशी चाली यांना मोकळीक मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३च्या दस्तऐवजानंतर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि सहा प्रोटेस्टंट संप्रदायांच्या गीतपरंपरा एका छत्राखाली आल्या. ‘गॉस्पेल’ हा शब्द येथे सैलपणे वापरला जातो. मुळात तो अमेरिकन गायक आयरा सँकी यांच्या सुवार्तागीतांचा आणि नंतर शिकागोत टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) यांनी ब्लूजच्या अंगाने घडवलेल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांच्या गायनाचा आहे. नागपुरातील बहुतेक गायन भजन आणि गिटारवरचे आराधनागीत यांच्या मधले असते.

पट्टी : गायक चांगला असूनही मंडळी गात नसेल, तर पहिला संशय पट्टीवर घ्यावा. पुरुषांना सा (गाण्याचा मूळ स्वर) पांढरी एक ते काळी दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी ते दुसरी काळी पट्टी), स्त्रियांना पांढरी चार ते काळी पाच सोयीचा पडतो. गायिकेने स्वतःसाठी काळी चार लावली की दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरचे पुरुष खर्जात उतरतात किंवा गप्प होतात. मिश्र मंडळीसाठी चालीतला सर्वांत वरचा स्वर तार सप्तकातल्या पांढरी दोनपुढे नेऊ नये. चाल सा ते तार सा एवढीच असेल तर पांढरी एक किंवा पांढरी दोन चालते. अंतरा तार गंधाराला भिडत असेल तर सा खाली काळी पाचवर आणावा लागतो. की-बोर्डवर हे ट्रान्स्पोजच्या (पट्टी सरकवण्याच्या) बटणाने होते, पण पुढच्या गीताआधी ते शून्यावर आणायला विसरले की पेटी एका पट्टीत आणि की-बोर्ड दुसऱ्या. पेटीचे सूर ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण मापाहून अनेकदा थोडे सरकलेले असतात. पेटीचे सूर ऐनवेळी बदलत नाहीत, म्हणून की-बोर्ड तिला जुळवावा.

शब्द आणि चाल : भाषांतरित गीतांची खरी अडचण येथे आहे. इंग्रजी गीत पुष्कळदा समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच्या हलक्या मात्रेवर सुरू होते. मराठी ओळ पहिल्याच अक्षरावर उभी राहू पाहते. ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर पडले की ‘मन’चे ‘माना’ होते आणि अर्थ जातो. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे. ते भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत आपसूक बसतात. म्हणूनच टिळकांच्या ओळी वही न उघडता गाता येतात.

गिटार आल्यापासून रागाचाही प्रश्न आहे. भैरवीत रे आणि नी कोमल. पंचमावरच्या नेहमीच्या मेजर कॉर्डमध्ये दोन्ही शुद्ध येतात आणि गायकाशी सरळ भांडतात. तेथे मध्यमावरच्या मायनर कॉर्डवरून सा वर यावे. भूपात मध्यमावरचा कॉर्ड टाळावा, कारण मध्यम त्या रागात नाहीच.

नागपूरचा उन्हाळा : मे महिन्यात कोरड्या हवेने कातडे ताणून तबला चढतो, कूलरच्या झोतात ठेवलेला ओल धरून उतरतो. कूलरचा घरघराट माइकमध्ये शिरतो, मग आवाज वाढवला जातो आणि माइक शिट्टी मारतो. कूलर बाजूला, भोंगे गायकाच्या पुढे, माइक तोंडापासून चार बोटांवर ठेवल्यास निम्मा त्रास मिटतो.

घडण : गायक सहसा संडे स्कूल, नाताळच्या कॅरल-फेऱ्या आणि गायनमंडळ या वाटेने येतो. आधी दुसऱ्याच्या मागे गाणे, मग एक गीत, मग पापांगीकारापासून अर्पणापर्यंतचा पूर्ण क्रम. पाळकाचा संदेश शनिवारपर्यंत कळला नाही तर गीत आणि वचन जुळत नाही. हा दोष गळ्याने भरून निघत नाही. शेवटच्या कडव्याला वाद्ये थांबवून मंडळीचा नुसता आवाज ऐकावा. तो भरलेला असला तर गायकाचे काम झाले.

ध्वनिमुद्रण : १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रत्यक्ष धार्मिक विधीत गीत गाण्यास परवानगी लागत नाही, तेच गीत मुद्रित करून प्रसिद्ध करायचे तर लागते, भाषांतरासाठीही. मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे हक्कधारकाच्या संमतीशिवाय कव्हर (तेच गीत दुसऱ्याने नव्याने मुद्रित करणे) काढता येत नाही. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. टिळकांच्या अशा रचना त्यामुळे मुक्त आहेत, त्यांना नंतर लावलेल्या चाली असतीलच असे नाही.