कमी उजेडातील कुंड्यांची माती

घरात, खिडकीपासून लांब ठेवलेल्या शोभेच्या झाडांसाठी वापरायचे भुसभुशीत आणि पाण्याचा झटपट निचरा होणारे मिश्रण. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झीझी, ॲग्लोनेमा, पीस लिली ही अशी नेहमीची झाडे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे जाड भिंतींची नि लहान खिडक्यांची. शहरातल्या फ्लॅटमध्येही उन्हाच्या धास्तीने पडदे ओढलेलेच असतात. उजेड कमी असला की झाडाची वाढ मंदावते, पानांतून बाष्प कमी जाते आणि मुळे पाणी सावकाश ओढतात. कुंडी कित्येक दिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. त्यामुळे इथे मातीच्या कसापेक्षा तिच्यातल्या पोकळ्यांना महत्त्व.

शेतातली काळी माती नेमकी इथेच नडते. बेसाल्टपासून बनलेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश मोठा असतो. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण रब्बी ज्वारीला तारतो, सहा इंची कुंडीत तोच अंगाशी येतो. वाळताना मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो. घातलेले पाणी त्या फटीतून सरळ बशीत उतरते आणि गाभा कोरडाच राहतो. झाड मलूल दिसते म्हणून पुन्हा पाणी घातले जाते. मग माती फुगून फट बुजते आणि कुंडीत चिखल होतो. शिवाय ही माती बहुधा चुनखडीची, सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) साधारण ७.५ ते ८.५. त्यात बोअरचे जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर खत वाढवून काही साधत नाही, माती बदलावी लागते. चुलीची राख तर मुळीच नको, सामू आणखी चढतो.

दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा पुरते कुजलेले शेणखत आणि एक भाग भरड माल, हे मिश्रण बहुतेकांना चालते. स्नेक प्लांट आणि झीझीला भरड निम्म्यापर्यंत न्यावी. भरड म्हणून परलाइट (ज्वालामुखी काच तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे) मिळाले तर उत्तम, पण तालुक्याच्या गावी त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा लाकडी कोळसा चाळून, बारीक भुकटी टाकून दिली की काम भागते. काळ्या मातीत मूठभर बारीक वाळू मिसळण्याची मात्र सवय सोडावी. त्याने माती मोकळी होत नाही.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धतही रूढ आहे. तिचा उपयोग नाही. बारीक मातीतले पाणी खडीत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून राहते, आणि मुळांची जागा तेवढी घटते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला तरी कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते, कुंडी वाटते तितकी वाळत नाही. दोन पेरे बोट खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्यावे.