कीटकरोगजनक सूत्रकृमींच्या सहजीवी जीवाणूंची विकरे

कीटकरोगजनक सूत्रकृमींच्या, म्हणजे कीटकांना रोग आणून मारणाऱ्या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींच्या, आतड्यात राहणारे फोटोऱ्हॅब्डस आणि झेनोऱ्हॅब्डस या प्रजातींचे ग्रॅम-ऋण जीवाणू कीटकाच्या शरीरात जी विकरे, म्हणजेच रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने (एंझाइमे), तयार करतात, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. फोटोऱ्हॅब्डसचे सहजीवन हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमीशी, तर झेनोऱ्हॅब्डसचे स्टायनर्नेमाशी असते. १९९३ पर्यंत हे दोन्ही जीवाणू झेनोऱ्हॅब्डस याच प्रजातीत गणले जात.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय मुख्यतः उसातील हुमणीच्या निमित्ताने निघतो. हुमणी म्हणजे होलोट्रायकिया सेराटा या भुंगेऱ्याची मुळे कुरतडणारी अळी. डाळिंब बागायतदाराला मात्र सूत्रकृमी म्हटले की मुळांवर गाठी आणणारा मेलॉइडोगायनी आठवतो. तो वनस्पतींवर जगणारा वेगळा जीव असून या नोंदीतील सूत्रकृमी पिकाच्या मुळांना अपाय करीत नाहीत.

सूत्रकृमीचे संसर्गक्षम पिल्लू अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून आत शिरते आणि तिच्या रक्तद्रवात जीवाणू सोडते. अळी साधारणतः २४ ते ४८ तासांत मरते. मारण्याचे काम मुख्यतः विषे करतात. विकरांचा मोठा वाटा त्यानंतरच्या कामात, म्हणजे मृत देहाचे सूत्रकृमीला खाता येईल अशा द्रवात रूपांतर करण्यात, असतो. पीआरटीए हे जस्तयुक्त प्रथिनभंजक विकर अल्कधर्मी माध्यमात प्रथिनांचे विघटन करते, लायपेजे मेदाचे विघटन करतात आणि कायटिनेजे कीटकाच्या कवचातील कायटिनाचे. त्याच वेळी जीवाणू प्रतिजैविकेही स्रवत असल्यामुळे परक्या जीवाणूंना तेथे फारसा शिरकाव मिळत नाही आणि देह इतर मेलेल्या अळ्यांसारखा कुजत नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मारलेली अळी विटकरी-लाल दिसते. शेतात ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय, मात्र तो रंग विकरांचा नसून जीवाणूच्या रंगद्रव्याचा असतो.

विष आणि विकर यांतील सीमारेषा येथे पुसट होते. फोटोऱ्हॅब्डसच्या टीसी या अनेक प्रथिनांनी बनलेल्या विषसंकुलातील टीसीसीसी-३ हा घटक स्वतःच विकर आहे: तो पेशीतील ॲक्टिन या प्रथिनाच्या १४८ व्या स्थानावरील थ्रिओनिन या अमिनो आम्लाला एडीपी-रायबोज हा रासायनिक गट जोडतो, त्यामुळे पेशीचा सांगाडा विस्कळीत होतो. टीसीसीसी-५ अशीच क्रिया सांगाड्याचे नियंत्रण करणाऱ्या ऱ्हो प्रथिनांवर करतो. फोटोऱ्हॅब्डसचे ल्युसिफरेज ऑक्सिजनच्या साहाय्याने निळसर-हिरवा प्रकाश निर्माण करते, म्हणून मेलेली अळी अंधारात मंद चमकते.

प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवल्यास या जीवाणूंचे दुय्यम रूप उद्भवू शकते. त्यात लायपेज, प्रतिजैविके आणि प्रकाश यांची निर्मिती घटते आणि सूत्रकृमीची वाढ खुंटते; उत्पादनासाठी प्राथमिक रूपच राखावे लागते.

भारतात हुमणीसाठी वापरल्या जाणाऱ्या हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या जातीचे वर्णन १९९२ मध्ये कोइमतूर येथील नमुन्यांवरून झाले, आणि बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिचे भुकटी स्वरूपातील मिश्रण विकसित केले आहे. फवारली जातात ती विकरे नव्हेत, तर जीवाणू वाहून नेणारे जिवंत सूत्रकृमी. ऊन आणि कोरडी माती यांनी ते मरतात. त्यामुळे उन्हाळ्यात तडे गेलेल्या सोलापूरच्या काळ्या रानात ते टाकणे व्यर्थ जाते. पावसाने किंवा पाण्याच्या पाळीने जमीन ओली झाल्यावर, संध्याकाळच्या वेळी, मुळांलगत त्यांची आळवणी करतात.