लहरी एकच, बोली वेगळ्या

टेबलावर आयफोन, अँड्रॉइड फोन आणि लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली) लॅपटॉप शेजारी शेजारी पडलेले असतात. एकावरचा फोटो दुसऱ्यावर हवा असला की आपण तो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवतो. खरं तर तिन्हींत ब्लूटूथ आहे, वाय-फाय आहे. अडतं ते त्याच्या वर: हाक कशी मारायची, ओळख कशी पटवायची, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलंय.

पूर्वी असं नव्हतं. इन्फ्रारेडच्या जमान्यात, १९९०च्या दशकात, फाइल पाठवायचा ओबेक्स हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायचे ठरलेले नियम, तयार झाला आणि पुढे ब्लूटूथनं तोच उचलला. त्यामुळे नोकियावरची रिंगटोन सोनी एरिक्सनवर बिनबोभाट जायची. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येही, ब्लूटूथ चालवणारं ब्लूझेड २००१ मध्येच आलं. पण आयफोननं ब्लूटूथनं फाइल पाठवायची ही सोय कधी दिलीच नाही, आणि व्हिडिओंचा आकार वाढला तसा ब्लूटूथचा वेगही पुरेनासा झाला.

२०११ मध्ये अ‍ॅपलनं एअरड्रॉप आणलं. ब्लूटूथवर हाक, वाय-फायवर माल. मधे राउटर नको. त्याखालचा वाय-फायचा प्रोटोकॉल मात्र बंदिस्त. जर्मनीतल्या डार्मश्टाट तंत्र विद्यापीठाच्या संशोधकांनी तो उलगडून आउल आणि ओपनड्रॉप हे मुक्त (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो असे) प्रकल्प उभे केले. काम अफाट, पण त्यासाठी लागणारं विशिष्ट क्षमतेचं वाय-फाय कार्ड साध्या लॅपटॉपमध्ये सहसा नसतं. त्यामुळे ते बहुतेकांच्या उपयोगाचं ठरलं नाही.

अँड्रॉइडवर वेगळाच गोंधळ. आपल्याकडे एअरड्रॉपसारख्या सोयीची पोकळी शेअरइट आणि झेंडर या फाइल पाठवायच्या अ‍ॅपनी भरली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये ही दोन्ही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाइल पाठवायचं गूगलचं स्वतःचं निअरबाय शेअर आलं. २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या क्विक शेअरमध्ये विलीन झालं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याचाही प्रोटोकॉल उकलला: मॅकसाठी निअरड्रॉप, लिनक्ससाठी आर-क्विकशेअर.

दुसरी वाट मला जास्त शहाणपणाची वाटते: कुणाची बोली शिकत बसण्यापेक्षा आपली उघडी बोली सगळीकडे न्यायची. २०१३ मध्ये सुरू झालेलं केडीई कनेक्ट, २०२० मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका रूपाबरोबर आलेलं वॉर्पिनेटर, आणि २०२२च्या अखेरचं लोकलसेंड ही त्यातली नावं. लोकलसेंड नेटवर्कवर ‘मी इथे आहे’ अशी हाळी देतं आणि फाइल वेबसाइट वापरतात त्याच साध्या एचटीटीपीएसवरून पाठवतं, म्हणून आयफोनपासून लिनक्सपर्यंत सगळीकडे चालतं. अट एकच, दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर हवीत. हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर उपकरणांना बऱ्याचदा एकमेकांपासून तोडलेलं असतं, तिथे ते शेजारच्या फोनलाही ओळखत नाही. मग हॉटस्पॉट चालू करायचा.

मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं अ‍ॅपलला वाय-फाय अवेअरसारखी (राउटरशिवाय जवळची उपकरणं शोधून जोडणारी) खुली मानकं स्वीकारायला भाग पाडणारे निर्णय दिले. नोव्हेंबरमध्ये गूगलनं आपल्या पिक्सेल १० या फोनवरून थेट एअरड्रॉपला फाइल पाठवून दाखवली, तीही अ‍ॅपलच्या मदतीशिवाय. त्यासाठी आयफोनवाल्यानं ‘सर्वांसाठी १० मिनिटं’ हा पर्याय निवडावा लागतो. टेबलावरचा लिनक्सचा लॅपटॉप या सोयरिकीत अजून नाही, त्याच्यासाठी लोकलसेंडच.