गालगुंड आयजीएम रक्तचाचणी

गालगुंडाच्या विषाणूचा संसर्ग नुकताच झाला आहे का, हे रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांवरून ओळखणारी चाचणी. गालगुंड किंवा गालफुगी हा पॅरामिक्सोव्हिरिडी कुलातल्या विषाणूमुळे होणारा आणि लाळेच्या तुषारांतून पसरणारा रोग आहे. संसर्गानंतर साधारण १६ ते १८ दिवसांनी (कधी १२, कधी २५) ताप येतो आणि कानाजवळची लाळग्रंथी सुजते. कानाची पाळी वर उचलली जाते, जबड्याचा कोपरा चाचपून लागत नाही आणि लिंबू-चिंच तोंडात गेली की कळ येते. असे मूल समोर असेल आणि वर्गातली आणखी दोन-तीन मुले त्याच आठवड्यात घरी बसलेली असतील, तर बालरोगतज्ज्ञ बहुधा चाचणी लिहून देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. या विषाणूवर औषध नाही. ताप-वेदनेची गोळी, पातळ आहार आणि सूज आल्यापासून ५ दिवस घरी राहणे, एवढेच हाती असते. हळदीचा किंवा गेरूचा लेप लावल्याने विषाणूला काही होत नाही.

चाचणीची खरी गरज चित्र धूसर असते तेव्हा भासते. गालाची सूज न येता मेंदूच्या आवरणाचा दाह झाला, वयात आलेल्या मुलाचे वृषण सुजले, कान अचानक ऐकू येईनासा झाला, किंवा सूज उतरल्यावर रुग्ण दवाखान्यात आला, तर आयजीएमचा अहवाल उपयोगी पडतो. ग्रंथी जिवाणूंमुळे किंवा नळीत खडा अडकूनही सुजते. तिथे उपचारच वेगळे असतात. रक्तातले अमायलेज (लाळग्रंथीत तयार होणारे पाचक विकर) वाढलेले दिसले, तरी त्यावरून गालगुंड ठरत नाही, कारण ते लाळग्रंथीच्या कोणत्याही दाहात वाढते.

विषाणू शरीरात आल्यावर आयजीएम आधी तयार होते, आयजीजी मागाहून येऊन वर्षानुवर्षे टिकते. म्हणून आयजीएम हा ताज्या संसर्गाचा पुरावा धरतात. उपाशीपोटी जावे लागत नाही. हातातून घेतलेले रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत गोठू देतात, नळी यंत्रात फिरवून वरचा रक्तरस (सीरम) वेगळा करतात आणि एलायझा या प्रतिपिंडे शोधणाऱ्या किंवा तत्सम पद्धतीने तपासतात. ठाण्यात नौपाडा किंवा घोडबंदर रोडवरच्या कलेक्शन सेंटरमध्ये दिलेला असा नमुना अनेकदा तिथे तपासला जात नाही; शीतपेटीतून मध्यवर्ती प्रयोगशाळेत जातो. थायरोकेअरची अशी प्रयोगशाळा तुर्भ्याच्या एमआयडीसीत आहे. कमी मागणीच्या चाचण्या पुष्कळदा नमुने साठल्यावर एकत्र लावतात, त्यामुळे हा अहवाल साखरेच्या अहवालासारखा संध्याकाळी हातात पडेलच असे नाही.

अहवालात निगेटिव्ह, पॉझिटिव्ह किंवा मधला ‘इक्विव्होकल’ असा शेरा असतो. तो एकट्याने वाचणे धोक्याचे. त्याच्या शेजारी सूज आल्याची तारीख आणि लसीकरण कार्ड असावे लागते. सूज आली त्याच दिवशी रक्त दिले तर आयजीएम अजून पुरेसे तयार झालेले नसते. पहिल्या तीन दिवसांतला निगेटिव्ह अहवाल म्हणूनच अंतिम मानत नाहीत. सूज आल्यावर ५ ते १० दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. उलट, आयजीएम काही आठवडे, कधी महिनेही रेंगाळते. पॅराइन्फ्लुएन्झा किंवा एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गात ते खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते.

कार्डाचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. केंद्राच्या लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. भारतीय बालरोग अकादमी मात्र एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचे) डोस ९ आणि १५ महिन्यांना व ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान द्यावेत असे सांगते. परिणामी कोपरखैरणे किंवा वागळे इस्टेटमधल्या एकाच इमारतीत महापालिकेच्या केंद्रात लस घेतलेले मूल आणि खासगी दवाखान्यात घेतलेले मूल, दोघांचे पालक ‘गोवराची लस झाली’ असेच सांगतात, आणि गालगुंडाचे संरक्षण एकालाच असते. लस घेतलेल्याला रोग झाला तर आयजीएम अगदी कमी उमटते किंवा मुळीच उमटत नाही, त्यामुळे निगेटिव्हने रोग नाकारता येत नाही. लस नुकतीच दिली असेल तर आयजीएम लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ही चाचणी तो फरक सांगू शकत नाही.

सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः लस झालेल्या रुग्णात, आरटी-पीसीआर, म्हणजे थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, अधिक भरवशाची. त्यासाठी गालावरून ग्रंथी सुमारे ३० सेकंद चोळून, वरच्या दाढांसमोर जिथे लाळेची नळी उघडते तिथून स्वॅब घेतात. शक्यतो तीन दिवसांच्या आत. आयजीजीचा आधार घ्यायचा तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन पातळी चौपट वाढली का ते पाहतात. लस झालेल्यांत आयजीजी आधीच चढलेले असल्याने ही वाढ पुष्कळदा दिसत नाही. शिवाय दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर तपासावे लागतात. पहिला घराजवळ ठाण्यात आणि दुसरा ऑफिसजवळ वाशीत वेगळ्या लॅबला दिला, तर त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.