दिसलेली बोय फोटोत का येत नाही?

भाच्याने पाठवलेल्या फोटोत खाडीचं पाणी होतं, त्यात उलटं आभाळ होतं, दोन पांढरे ढग होते आणि मासा एकही नव्हता. खाली त्याचा निरोप: "मामा, धक्क्याखाली बोयांचा थवा होता. पन्नास तरी असतील. मला अगदी स्पष्ट दिसत होत्या, फोनमध्ये एकही आली नाही. गरवायला नेण्यासारखा छोटा कॅमेरा सुचव ना, जास्त मेगापिक्सेलचा."

मी त्याला एवढंच विचारलं, "गॉगल घातला होतास?" घातला होता. मासेमारीच्या दुकानात मिळतो तो, पोलराइज्ड.

म्हणजे बोया त्याला गॉगलने दाखवल्या होत्या, आणि फोनला गॉगल नव्हता. आभाळाच्या चकाकीखाली गडप झालेला मासा दुप्पट मेगापिक्सेल घेतल्याने वर येत नाही, ती चकाकीच दुप्पट बारकाईने टिपली जाते. मासेमारीसाठी कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा असतो: पाणी प्रकाशाचं काय करतं? हा प्रश्न मला इतका आवडतो की थोडा वेळ त्यातच थांबणार आहे.

प्रकाश ही लाट आहे हे आपण शाळेत शिकलो. ही लाट पुढे जाताना तिच्यातलं विद्युतक्षेत्र जाण्याच्या दिशेशी काटकोनात डोलत असतं, दोरीचं टोक झटकल्यावर दोरी डोलते तसं. सूर्यप्रकाशात सगळ्या दिशांनी डोलणाऱ्या लाटा मिसळलेल्या असतात. त्यांचे आपण दोनच गट करू. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर डोलणाऱ्या त्या आडव्या, आणि पृष्ठभागाशी उभ्या असलेल्या प्रतलात डोलणाऱ्या त्या उभ्या.

आता आभाळाचा एक किरण तिरका येऊन पाण्यावर पडला. काही भाग वाकून आत गेला, काही उसळून वर आला. पण "उसळून" हा शब्द फसवा आहे, कारण पाणी म्हणजे कॅरमची कड नव्हे. आत शिरलेली लाट पाण्याच्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना डोलवते, डोलणारे इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश फेकतात, आणि त्या सगळ्यांनी मिळून वरच्या दिशेला फेकलेला प्रकाश म्हणजेच परावर्तित किरण. इथे एक नियम आडवा येतो. इलेक्ट्रॉन ज्या रेषेत डोलतो, त्या रेषेच्या टोकांकडे तो अजिबात प्रकाश फेकत नाही. दोरीवरच करून पाहा. हात दोरीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे केला तर लाट जात नाही, आडवा हलवला तरच जाते.

उभ्या लाटांनी डोलवलेले इलेक्ट्रॉन पाण्यात शिरलेल्या किरणाला काटकोनात डोलतात. किरण जसजसा तिरका होत जातो तसा एक कोन असा येतो, की आत गेलेला किरण आणि वर जाणारा किरण यांच्यात बरोबर ९० अंश पडतात. त्या क्षणी इलेक्ट्रॉनांच्या डोलण्याची रेषा थेट परावर्तित किरणाच्या दिशेला रोखलेली असते, आणि त्या दिशेला ते काही फेकू शकत नाहीत. उभ्या गटाचं परावर्तन शून्य होतं. त्या कोनात पाण्यावरून येणारी सगळी चकाकी निव्वळ आडव्या लाटांची उरते.

ती आडवी चकाकी असते तरी किती? या कोनात आडव्या गटाचा सुमारे ८ टक्के प्रकाश परत येतो. थोडा वाटतो, पण तो लख्ख आभाळाचा असतो, आणि खाडीच्या हिरवट पाण्यातून, बोयीच्या काळपट पाठीवरून वर येणारा प्रकाश अनेकदा तेवढाही नसतो. आडव्या लाटा अडवून उभ्याच आत सोडणारी काच डोळ्यांपुढे धरली की चकाकी जाते आणि मासा उरतो. पोलराइज्ड गॉगल एवढंच करतो, आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसवायचा, फिरवता येणारा पोलराइझिंग फिल्टरही.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती पॅरिसमध्ये, १८०८ साली. एतिएन लुई मालुस हा फ्रेंच शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारा मावळतीचा प्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. एरवी या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या दिवशी स्फटिक फिरवताना त्यांतली एक मंदावत गेली. १८१५ मध्ये स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने त्या खास कोनाचा नियम दिला: उभ्या रेषेपासून मोजलेल्या या कोनाचा टॅन्जंट म्हणजे पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वाकतो ते सांगणारा आकडा.

पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे जवळजवळ ४/३. पायथागोरसचा ३-४-५ त्रिकोण इथे चक्क धक्क्यावर येऊन उभा राहतो. तुमचा कॅमेरा पाण्यापासून ३ मीटर उंच असेल, तर त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ४ मीटर दूरच्या पाण्यावर नेम धरा. होडीत बसलेले असाल आणि उंची दीड मीटर असेल, तर २ मीटर दूर. कोनमापक लागत नाही, गुणोत्तर ३ला ४. पायाशी सरळ खाली पाहून फिल्टर कितीही फिरवला तरी उपयोग नाही, तिथे दोन्ही गट सारखेच परततात. वाऱ्याने पाणी हललं की त्यावरच्या प्रत्येक तरंगाचा कोन वेगळा होतो आणि चकाकी पूर्ण पुसली जात नाही, पण बरीच कमी होते.

भाच्याला म्हटलं, आहे त्याच फोनच्या भिंगापुढे गॉगलची काच धर, घालताना असते तशीच सरळ, आणि ३ला ४ वर नेम धर. दुसऱ्या दिवशी आलेल्या फोटोत अकरा बोया मोजता आल्या. मला झालेला आनंद त्याच्याइतकाच होता.

गॉगल घेतानाची एक सूचना इथेच. रस्त्यावरच्या प्रत्येक गॉगलवर "पोलराइज्ड" असं चिकटवलेलं असतं. तो गॉगल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून फिरवा. एखाद्या स्थितीत पडदा काळा झाला तर खरा, नाहीतर ती नुसती रंगीत काच.

मग कॅमेरा हवाच कशाला? ओल्या, खारट बोटांसाठी. फोनचा पडदा बोट टेकल्याने त्याच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखून चालतो, आणि खाऱ्या पाण्याचा पातळ थर वीज वाहून नेत असल्याने त्याला बोट कुठलं आणि पाणी कुठलं हे कळेनासं होतं. दाबायची खरी बटणं हवीत. भिंग पुढे बाहेर न येणारं, अंगातच राहणारं हवं, कारण सरकत्या नळीत वाळूचा एक कण पुरतो. भिंगापुढे फिल्टर बसवण्याची सोय हवी. ऑलिम्पसच्या टफ टीजी-६ सारख्या १५ मीटरपर्यंत जलरोधक कॅमेऱ्याला जोडकडी लावून तो बसवता येतो. फिल्टर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो, आणि मासा तर पहाटे आणि तिन्हीसांजेला लागतो, म्हणून भिंगाचा एफ-आकडा लहान हवा. एफ/२ चं भिंग एफ/३.९ च्या जवळपास चौपट प्रकाश आत घेतं. मेगापिक्सेलचं म्हणाल, तर या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, नखाहून लहान. तेवढ्या जागेचे जास्त तुकडे पाडले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. २०१७ मध्ये टीजी-५ काढताना ऑलिम्पसने आधीच्या टीजी-४ चे १६ मेगापिक्सेल उतरवून १२ केले. जाहिरातीतला आकडा कमी करण्याचं हे धाडस मला फार आवडलं.

बॅटरीचं झाकण खाडीवर उघडू नका. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा आत कोंडली गेली, तर काच २६ अंशांपर्यंत थंड होताच आतून धुकं धरतं. बर्फाच्या पेटीजवळ कॅमेरा ठेवला की हेच होतं. घरी आल्यावर झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, आणि पूर्ण सुकल्यावरच उघडा.

धक्क्यावरच्या एका काकांनी भाच्याला बजावलं होतं, पहिल्या माशाचा फोटो काढलास तर पुढे काही लागायचं नाही. काकांचा गरीवरचा हात मी पाहिला आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण मासा येतो-जातो तो उधाण आणि भांगाच्या पाण्याबरोबर, आमिषावर, पाण्याच्या तापमानावर. फोटोचा त्याच्याशी संबंध नाही. तुमची सावली मात्र त्याला कळते. पाण्याखालून त्याला वरचं सगळं जग ९७ अंशांच्या गोल खिडकीत दाटलेलं दिसतं, आणि त्या खिडकीच्या कडेला तुम्हीही असता.

राहिला हातात आलेला, चमचमणारा मासा. त्याची चमक ग्वानिनच्या पातळ स्फटिकांच्या थरांतून येते, डीएनएतल्या चार अक्षरांपैकी एक असलेलं तेच ग्वानिन. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की युरोपातल्या सार्डिन आणि हेरिंग माशांच्या, म्हणजे आपल्या तारलीच्या नातलगांच्या, त्वचेत दोन वेगवेगळ्या ठेवणीचे असे स्फटिक मिसळलेले असतात. एका प्रकारचा स्फटिक ज्या कोनात उभ्या लाटा परतवत नाही, त्या कोनात दुसरा परतवतो. म्हणून त्या त्वचेला पाण्यासारखा खास कोनच उरत नाही आणि मासा कुठल्याही बाजूने सारखाच चमकतो. पाण्याची चकाकी पुसणारा फिल्टर या चमकेपुढे चालत नाही. तिथे कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी करण्याचं बटण अंगठ्याखाली हवं. भाच्याला सांगून ठेवलंय, मासा पाण्याबाहेर आला की आधी एक्स्पोजर उणे ०.७ वर ने, मग फोटो काढ, म्हणजे पांढऱ्या डागाऐवजी खवल्यांच्या ओळी येतील.