गॅरेजची खोली आणि पार्किंगची खोली

कोल्हापुरात घर बघायला निघालं, की एजंटाच्या तोंडून एक शब्द हमखास ऐकू येतो: ‘जादा खोली’. “वर टू बीएचके हाय, आणि खाली एक जादा खोली. पोराला अभ्यासाला होईल, नायतर विद्यापीठाच्या पोरांना भाड्यानं द्या की.” जाऊन बघितलं तर खोली खरंच बरी असते. खाली टाइल्स, वर पीओपी, कोपऱ्यात बेसिन. ती आधी काय होती असं विचारलं, की मात्र उत्तर तुटक येतं. “पार्किंग होतं ओ. पण गाडी कोण लावतंय आत?”

या एका उत्तरात दोन अगदी वेगळी प्रकरणं असतात. एक, बंगल्याचं स्वतःचं गॅरेज बंद करून काढलेली खोली. दुसरं, अपार्टमेंटच्या खाली खांबांवर मोकळ्या सोडलेल्या पार्किंगमध्ये, म्हणजे स्टिल्टमध्ये, विटा चढवून काढलेली खोली. बोलताना दोन्हीला ‘पार्किंगमधली खोली’च म्हणतात, आणि आतून दोन्ही सारख्याच दिसतात. गिऱ्हाईक का बिचकतं, याचं उत्तर मात्र दोन्हीकडं वेगळं. पहिल्या खोलीवरून ते भाव पाडायला बघतं. दुसरी बघून, शहाणं असेल तर, चप्पल घालतं आणि निघतं.

आधी मालकी बघू. बंगल्याचं गॅरेज तुमच्या प्लॉटवर, तुमच्या मंजूर नकाशात, तुमचं एकट्याचं. घरखरेदीदारांसाठी केलेल्या २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याही आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, गाडी लावायची जागा. स्टिल्टला भिंतीच नसतात, नुसते खांब. या फरकावरच नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी हा मुंबईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१० मध्ये निकाल लागला की स्टिल्टमधलं पार्किंग हे गॅरेज नव्हे, ती इमारतीची सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती सुटी विकता येत नाही. तो निकाल फ्लॅटविक्रीच्या जुन्या मोफा कायद्याखालचा. रेरानंतर, २०२१ मध्ये महारेरानं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणानं, परिपत्रक काढून उघडं पार्किंग विकायला मनाई केली. आच्छादित पार्किंग आणि गॅरेज विकता येतं, पण त्याची जागा, आकार, संख्या करारात लिहून. म्हणजे नव्या इमारतीत खालची जागा तुमच्या करारात असली, तरी ती ‘पार्किंग’ म्हणूनच असते. तिथं पलंग टाकायचा हक्क त्या कागदानं मिळत नाही. जुन्या इमारतीत तर ती खोली बारा सभासदांच्या सामाईक जागेवर बसलेली असते, आणि त्यातल्या अकरांच्या मनात राग असतोच. आज गप्प आहेत ते, कारण खोली काढणारा जुना शेजारी आहे. नवा मालक आला की पहिल्याच मीटिंगला विषय निघतो.

गॅरेजच्या खोलीत भांडायला असं कुणी नसतं. तिथली अडचण फुटाइंचांची आहे, आणि ती मला आमच्या आत्याच्या घरामुळं कळली.

आत्याचा बंगला कळंब्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत. मामांचे, म्हणजे तिच्या यजमानांचे, गुडघे गेले, जिना चढवेना, म्हणून गॅरेजची खोली केली. शटर काढून भिंत बांधली, मधे खिडकी ठेवली. बाहेरचा गाडी चढवायचा उतार तसाच राहिला, त्यामुळं रस्त्यावरून बघणाऱ्याला एक गंमत दिसायची: फरशीचा रुंद उतार ऐटीत चढत जातो आणि खिडकीखालच्या भिंतीला नाक लावून थांबतो. मामा गेल्यावर दोन वर्षांनी बंगला विकायला काढला, तेव्हा आलेल्या प्रत्येकानं आधी त्या उताराकडं बघितलं, मग खोलीकडं.

राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट, सांगितली आहे. गॅरेजला २.४ मीटर चालते, म्हणजे ८ फुटांना थोडी कमीच. घराचं जोतं, म्हणजे तळाची फरशी, भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं, गॅरेजचं १५ सेंटिमीटर पुरतं. कारण सरळ आहे: गाडी पायरी चढत नाही आणि तिला पंखाही लागत नाही. माणसाला दोन्ही लागतं. आत्याच्या खोलीत पावसाळा सुरू झाला की भिंतीला खालून वीतभर ओल चढायची, कपाटातल्या चादरींना वास यायचा. गवंडी म्हणाला, फूटभर भर घालून जोतं वर घेऊ. घेतलं असतं तर उंची ७ फूटही राहिली नसती, आणि पंख्याखाली हात वर करून सदरा घालायची चोरी. शेवटी पंखा भिंतीवरचा लावला.

क्षेत्रफळाची मात्र अडचण सहसा नसते. एका मोटारीला २.५ बाय ५ मीटर जागा धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात एक खोली आरामात बसते. नडते ती उंची आणि जोतं, आणि या दोन गोष्टी टाइल्स बघताना कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

कोल्हापुरात जोत्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेलाच: “एकोणीसला पाणी कुठंवर आलतं?” राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा तसंच. शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्काचा खालचा भाग, इथं तळमजल्यावरच्या माणसांनी संसार गच्चीवर नेला. पार्किंगमध्ये पाणी शिरणार असलं की गाडी आदल्या रात्री उंचावर नेऊन लावता येते. खोलीत शिरलं तर गादी, फ्रिज, कपाट, म्हातारं माणूस, सगळं हलवावं लागतं. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आतल्या स्टिल्टमध्ये कुणी खोली दाखवली, तर मी तिचं भाडंसुद्धा विचारणार नाही. तो मजला खांबांवर मोकळा सोडला म्हणून तर पाणी वाट काढून जातं.

भूकंपाचंही थोडं सांगायला हवं. स्टिल्टच्या इमारतीचा तळमजला मुळात वरच्या मजल्यांपेक्षा लवचीक असतो. त्याचा एकच कोपरा विटांनी भरला की इमारत एका बाजूला ताठ होते आणि हादऱ्यात पिळली जाऊ शकते. १९६७ च्या कोयनेची आठवण काढणारी माणसं अजून आपल्यात आहेत. बंगल्याच्या गॅरेजला ही काळजी फारशी नाही.

आता घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर. आपल्याकडं सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. विकणारा पावती पुढं करतो: “खोलीला घरफाळा लागलाय, म्हणजे नियमातच हाय.” नाही. बांधकाम वापरात दिसलं की महापालिका घरफाळा लावते, मंजुरी असो वा नसो. महाराष्ट्र महापालिका अधिनियमाच्या २६७-अ कलमात विनापरवाना बांधकामावर दंडाची तरतूद आहे, आणि असा कर व दंड घेतला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही त्यातच लिहिलेलं आहे. कधी कधी त्या पावतीवरचा दंडाचा आकडाच खोली बेकायदा असल्याचं सांगत असतो, आणि विकणारा तीच पावती अभिमानानं दाखवतो.

खरा कागद म्हणजे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला. पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधायला परवानगी असते त्यात, धरत नाहीत. तिथं खोली केली की ते धरलं जातं. बंगलेवाल्याकडं एफएसआय शिल्लक असेल, उंची बसत असेल आणि गाडीला आवारात दुसरीकडं जागा दाखवता येत असेल, तर परवानाधारक आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा टाकून खोली नियमित करून घ्यायचा रस्ता असतो. स्टिल्टवाल्याला तो रस्ता जवळजवळ नाहीच, कारण इतरांच्या गाड्यांची जागा तो कुठं दाखवणार? तिथं एमआरटीपी या नगररचनेच्या कायद्याची ५३ कलमाची नोटीस येऊ शकते, आणि ती खोली काढलेल्याला नाही, त्या वेळी जो मालक असेल त्याला येते.

बँकेचा व्हॅल्युअर आला की हे सगळं एका दुपारी उघडं पडतं. तो टेप लावतो, नकाशा उघडतो, जादा खोली वगळतो. कर्ज बसतं ते मंजूर क्षेत्रावर. विसार देऊन बसलेला माणूस मग उरलेली रक्कम सोनं मोडून उभी करतो, नाहीतर व्यवहार मोडतो.

आत्याकडं पाचवं गिऱ्हाईक आलं ते इचलकरंजीचं जोडपं, सोबत नवऱ्याची आई. नवऱ्यानं खोली बघायच्या आधी आपली गाडी फाटकातून आत घेऊन बघितली. पुढच्या मोकळ्या जागेत ती कशीबशी बसली, पण दार उघडायला एकाच बाजूला जागा उरली. आई मात्र खोलीत जाऊन पलंगावर बसली ती उठेचना. “मला हितंच बरं हाय. जिना नको.” बायको म्हणाली, “अहो, मग गाडी?” तो म्हणाला, “रस्त्यावर लावू.” ती म्हणाली, “गणपतीत लावून दाखवा.”

तासभर हेच चाललं. शेवटी तो आत्याला म्हणाला, “मावशी, खोली राहू दे, पण शटरचे पैसे भावातनं कमी करा. आईनंतर परत गॅरेज करायचं म्हटलं तर लागतील.” आई शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “कर की कमी. पण उतार फोडू नकोस, परत बांधायला लई पैसं जातील.”